सरदार सावळेराम यांचा दहावा

सावळेराम नाईकांनी उभ्या आयुष्यात हातात तलवार धरली नव्हती. दहाव्याच्या दिवशी मात्र ते नदीकाठच्या घाटावर, पत्र्याच्या शेडलाही मागे टाकतील इतके उंच, तलवार उपसून उभे होते. धड दुसऱ्याच कुणाचं तरी होतं, अंगरख्यासकट. चेहरा त्यांचाच, पण आधार कार्डावरचा. त्यामुळे लढाईला निघालेला माणूस आधी ओटीपी यायची वाट बघतोय असं वाटत होतं. खाली सोनेरी अक्षरांत 'श्रीमंत सरदार सावळेराम तळपे यांना भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली, दुःखाच्या भरातही न विसरता, 'सरदारगड कृषी पर्यटन, मढ' आणि बुकिंगचा नंबर.

फ्लेक्स थोरल्या मुलानं, दादाभाऊनं, नारायणगावहून करून आणला होता. धाकट्या रामनाथला तो दिसला तेव्हा त्याचं डोकं न्हाव्याच्या हातात होतं.

"आबा सरदार कधी झालं?"

"मान हलवू नगा," न्हावी म्हणाला.

शेजारच्या पाटावर दादाभाऊचं डोकं अर्धं उतरलं होतं. "नाईक म्हंजी सरदारच. शब्द येगळा, अर्थ एकच."

"एकच हाय तर बदलला कशाला?"

"कारण नाईक म्हणल्यावर लोक आपल्याला हवालदाराच्या खालचं समजत्यात."

ही जखम जुनी होती. तहसील कचेरीत एका कारकुनानं दादाभाऊच्या तोंडून 'आमी मढचं नाईक' एवढं ऐकून घेतलं आणि मान वर न करता विचारलं होतं, "म्हणजे पोलीस नाईक? कुठल्या चौकीला?" त्यानंतर रिसॉर्टवर येणारे पुण्याचे पाहुणे विचारू लागले, तुम्ही मूळचे गोव्याचे का. दादाभाऊनं मग शांतपणे पर्यायांचा विचार केला. पाटील गावोगाव होते. देशमुख आणि इनामदार यांना कागद लागतात, आणि ज्यांच्याकडे ते कागद असतात ती माणसं भांडायला येतात. राजे म्हणवून घ्यायची छाती झाली नाही. सरदार उरला. सरदाराला कुणी कागद मागत नाही. पाटी लागली त्या हंगामात पहिल्या काही गाड्यांनी पनीर पराठा मागितला, तेवढं सोडलं तर शब्दानं चांगलं काम केलं होतं.

म्हातारा त्या पाटीखालून जाताना खाली बघून जायचा. एकदाच, रामनाथच्या देखत, तो दादाभाऊला म्हणाला होता, "सरदाराला वाटा मिळतो त्यो लुटीतला. नाईकाच्या वाट्याला येतं लोकाचं नुकसान. तुला ह्यातलं काय पायजे ते तू ठरीव, पण एकाच्या नावाखाली दुसरं खाऊ नगंस."

आणि ते खरं होतं. या घराण्याकडे कधी काळी डोंगरातल्या घाटवाटेची राखण होती. घाटातून जाणाऱ्या वाटसरूचा बैल चोरीला गेला तर नाईकानं चोर तरी हजर करायचा, नाहीतर आपल्या दावणीचा बैल सोडून द्यायचा. पदवी म्हणायची ती एवढीच. बाकी तिच्यात काही नव्हतं. पागोटंसुद्धा ज्याचं त्यानं आणायचं.

पिंड ठेवले आणि माणसं मागं सरली. लोकांना थोडा वेळ ताटकळायची अपेक्षा होती, पण कावळ्यानं कसलेही आढेवेढे घेतले नाहीत. आला, शिवला, निम्मा घास घेऊन गेला.

"बघितलं?" दादाभाऊनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आबांची कसलीबी विच्छा राह्यलेली न्हाई."

मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. आपल्याकडे दहाव्याला मेलेला माणूस सोडून सगळ्यांबद्दल बोलतात. एका पुढाऱ्यानं पाझर तलावाचा विषय काढला, दुसऱ्यानं पहिल्याचा काढला. दोघांनीही फ्लेक्स वाचून 'सरदारसाहेब' असा उल्लेख केला, तेव्हा दादाभाऊच्या मेहुण्यानं, जानकूनं, मोबाईलवर शूटिंग सुरू ठेवलं. जानकू आंबेगावकडचा. बहीण सरदारांच्या घरात दिली असं तो तिकडं गेली कित्येक वर्षं सांगत होता. आता ते मोबाईलमध्ये आलं होतं.

वाडीतला सोमाजी मात्र भाषणांकडे बघत नव्हता. तो सावळेरामांच्या बायकोकडे, लंकाबाईकडे बघत होता.

*

लंकाबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर नवऱ्याचं पागोटं होतं. अंगणात वाडीतली माणसं जेवणाआधी गोळा झालेली. आता तिनं विचारायचं होतं. या घराची रीतच तशी: दहाव्याला विधवेनं पागोटं मांडीवर घ्यायचं, माणसांना विचारायचं, "या घराकडं कुणाचं काय राह्यलंय का?" ज्याचं राहिलं असेल तो उठतो. ज्याला पागोटं घ्यायचं असेल तो त्याला म्हणतो, "माझ्या दारात या," म्हणजे ते मी भरून देतो. मग पागोटं.

सासरा गेला तेव्हा तीन माणसं उठली होती. सावळेराम तिघांनाही "माझ्या दारात या" म्हणाला, आणि लंकाबाईच्या घरात पुढचं वर्षभर दूध नव्हतं, कारण तिसऱ्याला म्हैस भरून द्यावी लागली. त्यामुळे या पदवीबद्दल तिच्या मनात फारसा आदर नव्हता. तिनं मनातल्या मनात दादाभाऊला पागोटं देऊन टाकलं होतं. तो थोरला होता. शिवाय त्यानं रिसॉर्टवर तिला गिझरवाली खोली कबूल केली होती, आणि आयुष्यभर चुलीवरच्या पाण्यानं आंघोळ केलेल्या बाईनं गिझरवर भाळू नये असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय.

तिनं विचारलं. अर्धवट आवाजात, उरकल्यासारखं.

सोमाजी उठला. "माझा बैल राह्यलाय, काकी."

दादाभाऊ हसला, म्हणजे त्यानं दात दाखवले. "सोमाजी, आज दुखाचा दिवस हाय."

"माझ्या बैलाचा दहावा कुणी घातला न्हाई, म्हणून आजच बोलतो. तुझ्या रिसॉर्टवरली गाडी उतारावर मागं घेताना माझ्या बैलावर घातली. पाय मोडला, दोन दिसांनी गेला."

"गाडी माझी न्हवती. चालवणारा माझा न्हवता. रस्ता सरकारचा."

"पाव्हणा तर तुझा व्हता?"

"पाव्हणा न्हवं. गिऱ्हाईक."

"मग सरदार कसला रं? दुकानदार म्हण."

मागं कुणीतरी खाकरलं. जानकू पुढं झाला. तो अशा वेळी पुढं व्हायलाच आलेला असतो. "दाजी, पैसं देऊन मिटवून टाका."

"पैसं घेऊन काय करू, पावणं?" सोमाजी म्हणाला. "भाताची लावणी तोंडावर आली. आत्ता बाजारात औताचा बैल मिळत न्हाई आन् टिलर माझ्या वरच्या खाचरापतोर चढत न्हाई. एका बैलानं चिखलणी व्हत न्हाई. उसना घिऊन बी मी करणार न्हाई, माझा मेला, माझा पायजे. नाईकांनी शब्द दिला व्हता. लावणीच्या आदी तुझ्या दावणीला बैल उभा करतो म्हणालं."

"आबांची विच्छा राह्यली असती तर कावळा शिवला असता का?"

"कावळ्याला भूक व्हती, दादाभाऊ. मला बी हाय."

लंकाबाईला हे नको होतं. पण शब्द तिच्या ऐकण्यात दिला गेला होता, याच पडवीत, आणि सोमाजी तिच्याकडेच बघत होता. "दादा," ती म्हणाली, "पागोटं घेतूस तर म्हण त्याला, माझ्या दारात ये."

"आगं, पण माझ्या दावणीला बैल कुठाय?"

हेही खरं होतं. दादाभाऊनं जनावरं विकून गोठ्याला फरशी घातली होती. आता तिथं पाहुण्यांच्या मोटारसायकली लागत आणि एक पांढरा घोडा असे, फोटोपुरता.

"घोडा हाय की," मागून आवाज आला. लोक हसले. दहाव्याला हसू नये, पण इलाज नव्हता.

दादाभाऊचं तासलेलं डोकं तांबडं झालं. त्याला आतून पटलेलं होतं की आपल्यावर अन्याय होतोय. रस्ता त्यानं आणला होता. वाडीतल्या चार पोरांना रिसॉर्टवर काम त्यानं दिलं होतं. बापाचं नाव मोठं करावं म्हणून त्यानं एवढं केलं, आणि त्या बदल्यात लोक एक जनावर मागत होते, जणू त्याच्यापेक्षा बैल मोठा. "घरात दोन बैल हायत की," तो म्हणाला. "रामनाथची जोडी. घर काय येगळं हाय का आपलं?"

घर सात वर्षांपूर्वी वेगळं झालं होतं, त्याच्याच हट्टानं, भिंत घालून.

"बरूबर हाय," जानकू म्हणाला. "सरदार सोता थोडंच देतो, मावशी? सरदारानं हुकूम करायचा. हाताखालची माणसं देत्यात."

"म्हंजी हाताखालचा मी?" रामनाथ म्हणाला.

"तसं न्हाई, पावणं."

"मग कसं? पागोटं त्याला आन् बैल माझा. आबांनी नाईकी केली ती आपल्या दावणीवर केली. तुझ्यासारखी भावाच्या दावणीवर न्हाई."

"आवाज खाली कर. मी थोरला हाय."

"थोरला हायेस म्हणून तर इचारतोय. सरदार म्हंजी घेणारा, नाईक म्हंजी देणारा. तुला दोन्हीकडचा मान पायजे आन् खर्च माझ्या दारात."

माणसांच्या माना रामनाथकडे वळल्या. रामनाथला पागोटं कधीच नको होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण इतक्या माना एकाच वेळी आजवर कधी त्याच्याकडे वळल्या नव्हत्या. सगळे त्याला दादाभाऊचा भाऊ म्हणायचे; बैल विकायला गेला तर बाजारातही. त्याला एकदम आपली उंची वाढल्यासारखी वाटली. त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि तो त्याला आवडला.

"बैल मी देतो," रामनाथ म्हणाला. "गुलब्या देतो. सोमाजी, माझ्या दारात ये. आई, पागोटं हिकडं दे."

दादाभाऊनं पागोट्याचं एक टोक धरलं. रामनाथनं दुसरं. लंकाबाईच्या मांडीवर ते कापड तसंच राहिलं, आणि दोन गुळगुळीत डोकी तिच्यावर वाकली. तिला दोघांचीही जन्माच्या वेळची डोकी आठवली. तेव्हाही अशीच होती, पण तेव्हा त्यांना काही बोलता येत नव्हतं.

"गुलब्या कुणाचा?"

रामनाथची बायको मंगल सैपाकघराच्या दारात उभी होती. हातात भाताची परात. तिनं ती खाली ठेवली नाही.

"आगं, आत्ता..." रामनाथनं सुरुवात केली.

"इचारलं त्याचं उत्तर द्या. त्याची आय मेली तवा बाटलीनं दूध कुणी पाजलं? तुमी त्याच्याजवळ बी जात न्हाई. मारतो म्हनता."

"घरातला बैल हाय. घरच्या अब्रूचा सवाल हाय."

"अब्रू तुमची, बैल माझा. दादाभाऊंनी तुमचा बैल दिला, तुमी माझा दिला. आता मी कुणाचा देऊ? कोंडाबाईची कोंबडी देऊ?"

भिंतीशी बसलेली शेजारची कोंडाबाई दचकून सावरून बसली.

"मंगल," दादाभाऊ म्हणाला, आता अचानक समजूतदार, "रामनाथचं चुकलंच. इचारायला पायजे व्हतं तुला. मी इचारतो. तू बैल दे. उद्या तुझं बी नाव लावतो, सरदारगडावर, पाटीवर."

"न्हाव्याला सांगा, भावजी. आणखी काय राह्यलं असंल तर काढंल त्यो."

रामनाथ हसला. बायकोनं त्याच्याकडे बघितलं, तेव्हा थांबला.

सोमाजीनं खांद्यावरचा टॉवेल झटकला. "ऱ्हाऊ द्या. भांडणं लावायला न्हाई आलो. नाईक मेलं असं समजतो." आणि तो खरंच निघाला.

मंगलनं परात उंबऱ्याआड टेकवली, पण ती आत गेली नाही, गोठ्याकडे गेली.

*

गुलब्यानं तिला बघून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. खायला काही आणलेलं नाही एवढं त्याच्या लक्षात आलं होतं.

मंगलला सगळ्यांचाच राग आला होता, आणि त्यात सासऱ्याचा नंबर वरचा होता. जायच्या आधी दोन-तीन दिवस म्हातारा याच दारात येऊन उभा राहिला होता. आत आला नव्हता. म्हणाला होता, "मंगल, सोमाजीला शब्द दिऊन बसलोय. तुझ्या जिवावर दिलाय. तुला इचाराया पायजे व्हतं. न्हाई म्हणलीस तर आत्ता जातो आन् परत मागून घेतो." त्याला पायऱ्या चढवत नव्हत्या त्या दिवसांत. तरी तो जाणार होता.

तिनं हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. धार काढत राहिली होती. म्हातारा थोडा वेळ थांबून निघून गेला, आणि मग कायमचाच गेला, उत्तर तिच्याकडेच ठेवून. घाटावर पुढारी बोलत होते तेव्हा, फ्लेक्सवरची ती तलवार बघताना तिला एकच गोष्ट म्हणावीशी वाटत होती, की हा माणूस बाईच्या गोठ्याच्या दारात परवानगी मागत उभा राहायचा, याला कशाला अंगरखा चढवता.

बाहेर पुन्हा दोघा भावांचे आवाज चढले होते. ते आता बैलावरून नव्हते; भिंतीवर, विहिरीवर आणि कुणी आबांना दवाखान्यात नेलं यावर आले होते.

तिनं दावं सोडलं. गुलब्या बाहेर यायला तयार नव्हता. तिनं त्याला एक रट्टा घातला, जो आयुष्यात घातला नव्हता, आणि त्याला अंगणातून, जेवायला मांडलेल्या पत्रावळींच्या मधून ओढत नेलं. माणसं उठून बाजूला झाली. सोमाजी फाटकापाशी पोचला होता.

"ह्यो घे," ती म्हणाली आणि कासरा त्याच्या हातात कोंबला. "उपकार म्हणून देत न्हाई. एका बैलानं आमी काय करायचं? तुझी लावणी उरकली की तुझी जोडी आमच्या खाचरात. त्याच्याआदी आमी थांबतो."

"तुमचं रोप वाया जाईल."

"जाईल तर जाईल. माझा सासरा तुझ्याकडं शब्द ठिऊन गेलाय. त्यो मला परत पायजे."

सोमाजीनं कासरा हातात घेतला. अशा वेळी घेणाऱ्यानं काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं, पण ते पागोटं घातलेल्या माणसाकडे बघून म्हणायचं असतं. त्यानं पडवीकडे बघितलं, तिथं दोन भाऊ होते. मग तो मंगलकडे वळला.

"नाईकाकडनं पावलं," तो म्हणाला.

लंकाबाई उठली. गुडघे धरून, हळू. तिनं दोन्ही पोरांच्या हातातून पागोटं काढून घेतलं, अंगणात आली आणि ते मंगलपुढं धरलं. "घे. तुझं हाय."

"मला नगं, आत्याबाई. माझ्या डोक्यावर जळणाची मोळी असती. त्याच्यावर ह्ये कुठं ठिऊ?" आणि मंगल परात घ्यायला आत गेली, कारण भात निवत होता आणि माणसं जेवायची होती.

मग लंकाबाई दादाभाऊकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तो एक पाऊल मागं सरला.

"घे, सरदार," ती म्हणाली. "पायजे व्हतं न्हवं? घाल. आता त्याच्यात काय सुदिक राह्यलं न्हाई, लई हलकं झालंय. आन् माझी खोली गिऱ्हाइकाला दे."

*

दुपारी उन्हाची तिरीप आली तेव्हा दादाभाऊ अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत पागोटं घालून बसला होता. घाटावरचा फ्लेक्स उतरवून मागं टेकवला होता आणि जानकू वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढत होता. रामनाथ घरात झोपला होता, किंवा झोपलाय असं सांगण्यात येत होतं. मंगल मागच्या दारी भांडी घासत होती. एवढी भांडी होती की त्या ढिगाआड ती दिसत नव्हती.

कोंडाबाई अंगणात शिरली. पायांना पोटरीपर्यंत चिखल.

दादाभाऊ ताठ झाला. "काय, कोंडामावशी? काय काम हाय?"

"तुझ्याकडं न्हाई," ती म्हणाली आणि त्याच्यासमोरून, पागोट्यासमोरून, सरळ मागच्या दारी गेली.

"मंगल, रिसॉर्टचं सांडपाणी माझ्या रोपात शिरतंय. साबणाचा फेस आलाय वर. लावणीला काय लावू मी?"

"मला कशाला सांगती? पागोटं तिकडं बसलंय."

"बघितलं म्या."

"मग?"

कोंडाबाईनं चिखलाचे पाय पायरीला पुसले.

"मला येळ न्हाई," मंगल म्हणाली. तिनं पातेलं इतक्या जोरानं घासलं की राख उडाली. "सकाळपासनं पाठ टेकली न्हाई. माझा बैल गेला. माझंच रोप पिवळं पडणार हाय. सगळ्यांनी माझ्याच उरावर बसायचं का? पाच वर्सं तुझं माझं बांधावरनं वाकडं, आन् आज बरी आठवण झाली."

"व्हय, वाकडंच हाय," कोंडाबाई म्हणाली. पण ती गेली नाही. खाली बसली आणि ढिगातलं एक ताट ओढून घासायला लागली, वाईट घासत होती, कडा तशाच ठेवून.

मंगलनं थोडा वेळ ते सहन केलं. मग तिच्या हातातलं ताट हिसकावून घेतलं, पदराला हात पुसले आणि भिंतीशी ठेवलेलं फावडं उचललं. पुढच्या अंगणात ती खुर्चीपाशी थांबली.

"भावजी, उठा. पाणी कुठनं सुटतंय ते दावा."

"मी? आत्ता?" दादाभाऊनं डोक्याला हात लावला. "आगं, आत्ताच बांधलंय."

"मग सोडून ठिवा."

तो उठतोय का हे बघायला ती थांबली नाही. कोंडाबाई मागून चालत होती. वाटेत आणखी दोघीजणी दारातून बाहेर येऊन तिच्यामागं लागल्या, घाईनं, पदर सावरत, आणि त्यांच्या चालण्यावरूनच मंगलच्या लक्षात आलं की यांचंही काहीतरी राहिलंय. तिनं एक शिवी हासडली. ती कुणाला होती हे कुणी विचारलं नाही.

"बोला," ती म्हणाली.